रूममेटचे ४ अलार्म आणि माझी झोप

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका खोलीत आम्ही दोघी राहतो. ती पहाटे ५ पासून ओळीने ४ अलार्म लावायची आणि प्रत्येक वेळी डोळे न उघडताच स्नूझ दाबून कूस बदलायची. आयफोनचा नेहमीचा स्नूझ ९ मिनिटांचा. तेवढ्यात ती घोरायलाही लागे. मी मात्र पुढच्या आवाजाची वाट बघत टक्क जागी. दिवसभर डोकं जड, वर्गात डुलक्या.

मी पहाटेच भांडायचे, तिथेच चुकत होतं. अर्धवट झोपेतल्या माणसाला काय कळणार?

शेवटी एका संध्याकाळी सूरसागर तलावाजवळ सेव उसळ खाताना विषय काढला. "अगं, ५ नंतर माझा डोळाच लागत नाही," एवढंच म्हटलं. तिचा घास हातातच राहिला. स्नूझ दाबल्याचं तिला आठवतही नसे.

मग ठरलं, अलार्म एकच, आणि फोन उशीखाली नाही, दाराजवळच्या फळीवर. बंद करायला उठावंच लागतं. चार पावलं चाललं की झोप उडते. परीक्षेच्या दिवसांत तिने मनगटावर थरथरणारा बँड लावला, म्हणजे आवाजच नाही. मीही रात्री उशिरा दिवा लावून वाचणं सोडलं. ते तिला किती दिवस खुपत होतं, बिचारी बोलली नव्हती.

पहिले तीन-चार दिवस तिची चिडचिड झाली. आता मी उठते तेव्हा खोलीत आल्याच्या चहाचा वास असतो, आणि कपबशी माझ्यासाठीही काढलेली असते.