जुन्या पेट्रोल-सीएनजी गाडीतली ऑइल गळती
ऑइल ठिबकतं खाली, पण गळतं बहुधा वरून. आधी इंजिन डिग्रीझरने स्वच्छ करा, 40-50 किलोमीटर चालवा, मग टॉर्च मारून ओला माग वरपर्यंत शोधा. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी रबरी पट्टी, उष्णतेने इतकं कडक होतं की नखाने दबत नाही. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं तर मिसफायर (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) आधी सीएनजीवर जाणवतो. गॅसला ठिणगी जोरकस लागते.

गॅस्केट गार इंजिनवरच बदला. सांध्यावर चिकटलेला जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवं गॅस्केटही गळणार. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे आवळा. जास्त जोराने कव्हर वाकतं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला दाब मोकळा करणारी छोटी झडप) मात्र विसरूच नका. काढून हलवा, खुळखुळला नाही तर बदला. तो तुंबला की आतला दाब नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो.