आधी चार प्रश्न, मग कात्री

गेली सव्वीस वर्षं मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत शिवणकाम करते. गेल्या जूनमध्ये भाची सुट्टीला आली. ती रशियात डॉक्टरकी शिकते. जिन्यातूनच तिची हाक आली, "मावशी, मी आलो गं!" आणि चहा व्हायच्या आत तिने बॅगेतून एक लिननचा शर्ट काढून माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवला. न रंगवलेला, जवसाच्या धाग्याचा मूळचा जो भुरकट रंग असतो तो.

सवयीप्रमाणे मी तो आधी उलटा केला. कपड्याची पारख उलट्या बाजूने होते. बाजूच्या शिवणीत कापडाच्या कडा एकीत एक दुमडून वर दोन टिपा मारल्या होत्या, इंटरलॉकचा दोरा कुठेच नव्हता. बाहीच्या टोकाला अडीच इंचांची दुमड होती, म्हणजे उद्या बाही सोडून लांब करता यावी. प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचा छोटा देठ गुंडाळून घेतला होता. त्यामुळे बटण कापडाला ओढत नाही आणि काज फाटत नाही. इतकं काम हल्ली कोण करतं? तिच्या कॉलेजच्या गावातल्या एका लहानशा स्टुडिओत शिवलेला शर्ट होता तो. मग सुट्टीभर रोज संध्याकाळी मी तिला तिकडच्या कपड्यांबद्दल विचारत राहिले, वाचत राहिले. त्यातून आपल्या कोल्हापुरात जे करता येण्यासारखं आहे ते इथे सांगते.

रशियात गेल्या दहा-बारा वर्षांत अशी स्वतंत्र लेबलं बरीच उभी राहिली. उरल पर्वताजवळच्या येकातेरिनबुर्गमध्ये 2014 साली दोन बहिणींनी '12 स्टोरीझ' सुरू केलं. मोसमाला एकदम मोठा ढीग आणायचा नाही, दर महिन्याला मोजक्या कपड्यांचा एकेक संच काढायचा, वर्षाचे बारा, असा त्यांचा सुरुवातीचा हिशेब. त्याच गावात 2015 साली दोन मैत्रिणींचं 'उशातावा' निघालं, त्यांचा सगळा जोर शांत रंगांवर आणि नेमक्या कटवर. 2022 मध्ये झारा, एचअँडएम यांसारख्या बाहेरच्या कंपन्यांनी तिथली दुकानं बंद केल्यावर या घरच्या लेबलांकडे बायकांचं लक्ष आणखी वळलं. जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, तिथे कोट ही हौस नसते. एकदा घेतला की सात-आठ वर्षं अंगावर वागवायचा असतो. म्हणून कट साधा, रंग असा की कशावरही चालावा, आणि आतली शिवण भक्कम.

आता पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगते: हे कपडे मागवायच्या नादी लागू नका. मार्च 2022 पासून व्हिसा आणि मास्टरकार्डचा रशियाशी व्यवहार बंद आहे, आपलं नेहमीचं कार्ड तिथे चालत नाही. आणि लोकरीचा लांब कोट मागवून रंकाळ्यावर घालणार कधी? घ्यायची ती त्यांची विचार करायची रीत. ती रीत या लेबलांच्याही कितीतरी आधीची आहे.

नादेझ्दा लामानोवा नावाच्या शिवणकर्तीने 1885 साली मॉस्कोत स्वतःचं दुकान काढलं. झारच्या दरबारातल्या बायका तिच्याकडून कपडे शिवून घ्यायच्या. क्रांतीनंतर दरबार गेला, कापडाची टंचाई आली, आणि तीच बाई सामान्य कामकरी बायकांसाठी कपडे बेतू लागली. 1925 साली तिने कुणालाही घरी शिवता येतील असे नमुने कटिंगच्या आकृत्यांसकट छापले. त्यात व्लादिमीर भागातल्या दोन टॉवेलांचा एक कफ्तान होता. दोन टॉवेल! त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्या कपड्यांना मोठं बक्षीस मिळालं. कपडा बेतताना ती चार गोष्टी धरायची: कशासाठी, कशाचा, कुणासाठी आणि मग कसा. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते थेट चौथ्यापासून, मोबाईलवरचा फोटो पुढे करत. कपाट भरूनही घालायला काही नसतं त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

एक उदाहरण घेऊ. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, फुलेवाडीहून रोज गाडीवरून शाळेत जातात. त्यांच्यासाठी 'कशासाठी' लिहून काढायला आम्हाला पाऊण तास लागला. आठवड्याचे सहा दिवस शाळा. फळ्यावर लिहिताना हात वर जातो, म्हणजे मुंढा (बाही जोडायची गोलाई) घट्ट नको आणि मुंढ्याचा खालचा भाग काखेपासून फार खालीही नको, नाहीतर हातासोबत अख्खा कुर्ता वर उचलला जातो. खडूची पूड काळ्या-निळ्यावर लगेच दिसते. गाडीच्या चाकात ओढणी अडकायची भीती, म्हणून ओढणीशिवाय नीट दिसेल असा गळा. किल्ल्या आणि मोबाईलसाठी खोल खिसा, तोही शिवणीतला. तुम्हीही असं करा. वहीत एका आठवड्याचे दिवस लिहा आणि प्रत्येक दिवशी अंगाला काय काय करावं लागतं ते समोर मांडा. लग्नकार्य त्यात किती दिवस येतं ते बघा, आणि त्यासाठीच्या कपड्यांनी कपाटाचे किती कप्पे अडवलेत तेही बघा.

'कशाचा' या प्रश्नात कोल्हापूरकरांचं भाग्य मोठं. 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून सुती कापड आपल्या दाराशी आहे. शर्ट-कुर्त्याला चांगल्या विणीचं पॉपलिन, पॅन्टला जाडसर सुती किंवा लिनन. घेताना कापड मुठीत दाबून दहा आकडे मोजा, सोडा आणि सुरकुत्या किती राहतात ते बघा. उजेडासमोर धरून विणीत विरळ पट्टे नाहीत ना ते बघा. मला एका दुकानात शुद्ध लिनन म्हणून भलतंच कापड गळ्यात मारलं होतं, तेव्हापासून मी कडेचे चार धागे काढून जाळून बघते. सूत किंवा लिनन असेल तर कागदासारखं जळतं आणि राख बोटावर पिठासारखी होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आणि कापायच्या आधी कापड पाण्यातून काढाच. हे मी फार दुखऱ्या अनुभवावरून सांगते. एका मुलीची नोकरीच्या पहिल्या दिवसासाठीची लिनन पॅन्ट मी घाईत न भिजवता कापली. पहिल्या धुण्यात ती दीड इंच आटली, आणि तळाला सोडायला कापडच ठेवलं नव्हतं. ती काही बोलली नाही, पण मला आजही ते खुपतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री फिरवा.

'कुणासाठी' म्हणजे स्मॉल-मीडियम-लार्ज नव्हे. सीट, म्हणजे बैठकीचा घेर, बसून मोजा. बसल्यावर ती उभ्यापेक्षा दीड-दोन इंच भरते, आणि दिवसाचा बराच वेळ आपण बसलेल्या असतो. दोन्ही खांदे वेगळे मोजा, रोज एकाच खांद्यावर पर्स अडकवणाऱ्या बायकांचा एक खांदा हमखास उतरता असतो. बाजूच्या शिवणीत एकेक इंच आणि तळाला दोन इंच कापड आत ठेवायला टेलरला सांगा. बाळंतपण, आजारपण, वय, सगळ्यात अंग बदलतं. कपड्याला त्यासाठी जागा हवी.

'कसा' आता आपोआप सुटतो. त्या शिक्षिकाबाईंसाठी पाच कपडे ठरले: मांडीपर्यंतचा सैल शर्ट, गुडघ्याखाली येणारा सरळ कुर्ता, पुढून सपाट आणि मागे इलॅस्टिक असलेल्या दोन पॅन्टा, आणि बिनबाह्यांचं लांब जाकीट. जाकिटाला दोन्ही बाजूंनी कट ठेवला, म्हणजे गाडीवर बसताना ते पसरतं आणि चाकाकडे जात नाही. पॅन्ट घोट्याच्या दोन बोटं वर, पावसाळ्यात चिखल पोटरीपर्यंत उडतो म्हणून. नियम एकच केला: नवा कपडा आधीच्या किमान तिघांवर चालला पाहिजे, तरच शिवायचा.

रंगाचं मी वेगळ्या ठिकाणाहून ठरवते, पायापासून. आपली कोल्हापुरी बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची असते, तिचा तो मधासारखा तपकिरी रंग कपड्यांच्या शेजारी धरून बघा. कच्चा पांढरा, शेवाळी, गडद निळा, विटकरी हे चौघं तिच्यासोबत सुंदर नांदतात. त्यातले तीन निवडा आणि थांबा. पावसात ही चप्पल मात्र घालायची नाही, ती ओली होऊन फुगते. जून ते सप्टेंबर दुसरं काहीतरी पायात, पण रंग जवळचाच. आणि कपाटात साड्या असतील तर त्या काढून टाकू नका. तोच पांढरा शर्ट हातमागाच्या साडीवर ब्लाउज म्हणून आत खोचून बघा. त्या बाईंनी शाळेच्या स्नेहसंमेलनाला तसा घातला आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दोन सहकारी माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.

पाचही एकदम शिवायला टाकू नका. येकातेरिनबुर्गच्या बहिणींसारखं महिन्याला थोडंच काढा. सुरुवात शर्टापासून, आणि तोही आधी मांजरपाटात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चव्वेचाळीस इंची असेल तर अडीच मीटर पुरतं. कच्चे टाके घालून तो अंगात घाला, हात वर करा, खुर्चीत बसा, गाडीवर बसा, वाकून चप्पल घाला. जिथे ओढतं तिथे खडूची खूण. दुरुस्ती करून पुन्हा घाला. जमला की टाके उसवा, तुकडे सपाट इस्त्री करा, प्रत्येकावर उभ्या धाग्याचा बाण, तुमचं नाव आणि तारीख पक्क्या शाईने लिहा आणि पुढच्या शर्टाचा नमुना म्हणून गुंडाळून ठेवा. भाचीच्या नावाची अशी गुंडाळी माझ्या फळीवर आहे. परत जाताना तिने तीन शर्ट सांगून ठेवलेत, एक पूर्ण लांब बाहीचा, तिकडच्या थंडीत स्वेटरच्या आत घालायला.