अक्कलदाढ काढल्यावर काय खावं: पेजेपासून भातापर्यंत

अक्कलदाढ काढून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. मुंबईहून फोन करणारे सांगतात, आइस्क्रीम खा. शेजारघरातून बघायला येणारे सांगतात, पेज द्या. खोटं दोन्हींत काही नाही, पण दोन्ही अर्धवट आहेत. आइस्क्रीमवर माणूस एक दिवस काढतो, आठवडा नाही. आणि पेज म्हणजे कुठली, नुसती निवळ की शितांसकट, हे कुणीच सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे. आमचं कुटुंब मोठं. एकेकाची दाढ आडवी आली, निघाली, आणि दर वेळी खाण्यापिण्याचं माझ्याकडेच होतं. त्यावरून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी खालच्या हाडाचं आणि नसांचं झाकण असते. ती सुटली किंवा विरघळली तर हाड उघडं पडतं. त्यालाच डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात. ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो आणि नेहमीच्या गोळीने भागत नाही. खालच्या दाढांना हा त्रास जास्त होतो. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं खाणं हे त्या गुठळीला सांभाळून करायचं खाणं. कडक खाऊ नये हे सगळ्यांनाच कळतं. तोंड दोन बोटंही उघडत नसताना चकली कोण खाणार? घात होतो तो ओढून पिण्याने आणि मऊ पदार्थांत लपलेल्या कणांनी.

पहिला दिवस

तोंडातला कापसाचा बोळा डॉक्टरांनी सांगितला तेवढा वेळ दाबून धरा, मग काढा. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका आणि गरम तर अजिबात पिऊ नका; ओठ चावला गेला, जीभ भाजली तरी कळत नाही. त्यानंतर थंड किंवा कोमट पातळ पदार्थ: पेजेची निवळ, पातळ गोडं ताक, दूध, शहाळ्याचं पाणी. आइस्क्रीम हवं तर आजच खा, चमच्याने, साधं व्हॅनिला. काजू-बदामाचे तुकडे असलेलं नको.

शहाळ्याबद्दल मला ठासून सांगायचं आहे, कारण आमच्या कोकण किनाऱ्यावर हा धोका पावलोपावली आहे. शहाळं उत्तम, पण स्ट्रॉ नको. ओढून प्यायलं की तोंडात पोकळी तयार होते आणि गुठळी खेचली जाते. माझा एक भाचा दाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी, बरं वाटतंय म्हणून, रस्त्याकडेच्या गाडीवर शहाळं स्ट्रॉने प्यायला. त्या रात्री तो झोपला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. तो घरात शिरला तसा लवंगेच्या तेलाचा वास आला आणि दोन दिवस घरभर राहिला. शहाळं पेल्यात ओतून घ्या आणि घोट घोट प्या. आठवडाभर हाच नियम. रायवळ आंबा चोखणं, शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, सुर्रकन ओढणं, बशीतला चहा फुरकणं, हे सगळं त्याच नियमात मोडतं.

थुंकायचंही नाही. लाळेत लाल रंग दिसला की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, चूळ भरून टाक. पहिले चोवीस तास चूळ नाही, गुळण्या नाहीत. लाळ गिळा. कुडाळ-कणकवलीहून एसटीने गावी परत जायचं असेल तर वाटेत खिडकीतून थुंकत जाऊ नका.

दुसरा दिवस

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा आरशात बघून घाबरू नका. आता पोटाला आधार देणारं काहीतरी हवं, कारण दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात. नाचणीचं सत्त्व सगळ्यात सोपं. दोन चमचे सत्त्व थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, कपभर दुधात घालून चकाकी येईपर्यंत ढवळत शिजवा. गोड नको असेल तर पाण्यात शिजवून निवल्यावर ताक आणि मीठ घाला. सत्त्व घरात नसेल तर नाचणीचं पीठ वस्त्रगाळ करून घ्या. नुसतं चाळलेलं पीठ खरखरतं. खरवस मिळाला तर द्या.

चोवीस तास उलटले की प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात फिरवायचं. खळखळवायचं नाही. मान कलती करायची आणि पाणी आपोआप मोरीत पडू द्यायचं.

तिसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत

हा टप्पा मला सगळ्यात कठीण गेला. पहिले दोन दिवस माणूस दुखण्याने गप्प असतो, दिलं ते पितो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूक परत येते. सूज उतरायला लागते, निवळीचा कंटाळा येतो आणि भाताचा वास आला की रोगी पानावर येऊन बसतो. तिथेच घरचे म्हणतात, मऊ भात आहे, खाऊ दे. पण आपला रोजचा मऊ भात दाढेच्या खड्ड्यासाठी मऊ नसतो.

उकड्या तांदळाचं उदाहरण घ्या. त्याचं शीत शिजलं तरी अखंड राहतं, आतून टणक असतं. म्हणून तर आपल्याला त्याची पेज आवडते. तेच शीत खड्ड्यात जाऊन बसतं. त्यावर उपाय म्हणून कण्यांची पेज करतात, आणि ती तर त्याहून वाईट. कणी बारीक, टोकदार, खड्ड्याच्या बरोबर मापाची. रव्याची खीर, लापशी, साबुदाणा यांचीही तीच गत. रोग्याला मऊ म्हणून जे जे द्यायची आपली पद्धत आहे, त्यातलं बरंचसं दाणेदार आहे.

मी आता अशी करते. उकडा तांदूळ चार तास भिजवते, आठपट पाण्यात कुकरला मंद आचेवर लावते, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ. मग गरम असतानाच रवीने घुसळते आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढते. जाळीवर जे राहील ते रोग्याला नाही. खाली उतरतं ते दाट, गुळगुळीत, खळीसारखं. त्यात मीठ आणि चमचाभर साजूक तूप घालायचं आणि कोमट करून द्यायचं. हे चौथ्या दिवसापर्यंत. पाचव्या-सहाव्या दिवशी सुरय, म्हणजे न उकडलेल्या साध्या तांदळाचा आसट, पाणी जास्त घालून शिजवलेला मऊ भात, तोही बोटांनी चुरून. पारख अशी: घास जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून बघा. दाताला न लागता विरघळला तर चालेल. चिमटीत धरून चोळताना एकही दाणा हाताला लागला तर परत घोटा.

भाताने पू होतो, असं आमच्याकडे अजूनही सांगतात. भाताने पू होत नाही. पू जंतूंनी होतो, आणि उपाशी ठेवलेल्या माणसाची जखम उशिरा भरते. अडकलेलं शीत कुजतं एवढं मात्र खरं, म्हणून भात बंद न करता तो घोटून द्यायचा.

दुसरा शत्रू खोबरं. आपल्या स्वयंपाकात खवलेला नारळ कशात नसतो? आमटीत, भाजीत, पिठल्यावर, उकडीवरही. त्याचा चोथा चावून बारीक होत नाही, खड्ड्याच्या कडेला चिकटून राहतो. या आठवड्यात नारळ फक्त दुधाच्या रूपात, आणि तेही पंचातून पिळून गाळलेलं. चहाच्या गाळणीने भागत नाही. सोलकढी पाचव्या दिवसापासून द्या: आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, निम्म्यावर, मिरची-लसूण नाही, फ्रीजमधली गारेगार नाही. त्याआधी आंबट झोंबतं. कोकम सरबत तर दहा दिवस लांबच ठेवा.

तिसरी गोष्ट फोडणी, आणि ती कुणाच्याच लक्षात येत नाही. मोहरीचा दाणा. वरण घोटून गाळून एकजीव करायचं आणि वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी ओतायची, मग घोटलं कशाला? तुपात हिंग आणि हळद, बस.

पेजेने पोट भरतं, पण जखम भरायला प्रथिनं लागतात आणि पेजेत ती फारच थोडी. त्यासाठी आपल्याकडे कुळथाची पिठी आहे. शंभर ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पीठ बारीक असतं आणि ती शिजून गुळगुळीत होते. पीठ आधी वस्त्रगाळ करा, थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडा, एखादं कोकम टाकून शिजल्यावर काढून घ्या. मिरची नाही, कांदा नाही, लसूण हवीच असेल तर आख्खी पाकळी टाकून बाजूला काढा. नेहमीपेक्षा पातळ ठेवा. पाचव्या दिवशी आसट भातावर ही पिठी वाढली की माणूस जेवल्यासारखा दिसतो. मुगाचं गाळलेलं कढणही चांगलं. अंडं खाणाऱ्यांना मंद आचेवर दूध घालून ढवळलेलं मऊ अंडं द्या. उकडलेल्याचा पिवळा बलक भुगा होऊन पसरतो, म्हणून ते नको.

मासे खाणाऱ्या घरात चौथ्या दिवसापासून विचारणा सुरू होते. सहाव्या दिवशी द्या. पापलेट किंवा सुरमईची मधली तुकडी हळद-मीठ लावून वाफवा, काटा काढा, मांस बोटांनी दोनदा चाचपा आणि पिठीत मिसळून चुरा. बांगडा, तारली, पेडवे यांचे केसासारखे काटे कितीही बघितलं तरी राहतात, तेव्हा ते नकोतच. रवा लावून तळलेलं तर नाहीच.

गरम किती? तान्ह्या बाळाला देतो तितकंच. वाफाळतं काहीही पहिले काही दिवस नको.

काही जणांना मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी असते. तिने तोंडाला धातूची चव येते आणि सगळं कडवट लागतं. स्वयंपाक बिघडलेला नसतो, गोळी संपली की चव परत येते. ती गोळी चालू असताना दारू बंद, आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नंतरही.

याच दिवसांत कोणीतरी बॅटरी मारून तोंडात बघतं आणि म्हणतं, आत शीत अडकलंय. बहुतेक वेळा ते शीत नसतं. खड्ड्यावर भरून येताना पांढरट-पिवळसर थर धरतो, तो जखम भरण्याचाच भाग असतो. तो काडीने, पिनेने, नखाने काढायला जाल तर भरत आलेली जखम उघडी कराल. खरंच काही अडकलं असेल तर मिठाचं कोमट पाणी धरून सोडत राहा. नाही निघालं तर डॉक्टरांकडे जा. ते पाण्याच्या पिचकारीने धुऊन देतात. खड्ड्यात लवंग खुपसणं, हळद भरणं, हेही करू नका.

दुसरा आठवडा आणि पुढे

टाके विरघळणारे नसतील तर साधारण आठवड्याने काढतात. मग घावन घ्या, गाळलेल्या नारळाच्या रसात बुडवून. आंबोळी कडा काढून. हापूसचा रस गाळून, चमच्याने. वाफवलेलं राजेळी केळं. तांदळाची भाकरी दुधात पूर्ण भिजवून, आणि चावायचं ते दुसऱ्या बाजूने. जबडा आखडलेला असेल तर तो हळूहळू सुटतो, ओढून उघडू नका.

मधुमेह असेल तर नुसत्या पेजेवर राहू नका, पिठी, अंडं, ताक यांचं प्रमाण वाढवा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

दुखणं रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा उसळलं तर वाट बघू नका, फोन करा. ताप, पू, न थांबणारं रक्त, वाढत जाणारी सूज यांनाही तेच. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सरळ दवाखाना गाठा.

मिश्री लावणाऱ्या बायकांना आणि तंबाखू-विडीवाल्या पुरुषांना मी एकच सांगते: निदान हे दोन आठवडे बंद. विडी ओढताना तीच पोकळी तयार होते, शिवाय धूर जखमेला लागतो. मिश्रीची पूड तर बोटाने थेट हिरडीवर चोळली जाते. काजू, फरसाण, तळलेले गरे आणि कुरकुरीत बांगडा यांना हिरडी मिटेपर्यंत, म्हणजे तीन ते चार आठवडे थांबा, आणि त्यातही बांगडा सगळ्यात शेवटी.