भाव चढला म्हणजे पुरवठा घटला? अर्थशास्त्राच्या पेपरातल्या या चुका टाळा

‘पुरवठा घटला की भाव वाढतो’ हे बारावीच्या मुलांना तोंडपाठ असतं. घोळ होतो तो हे वाक्य उलटं फिरवताना. पेपरात भाव वाढलेला दिसला, की ‘म्हणजे पुरवठा घटला’ असं लिहून मोकळे! पावसाने अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही. कुणी सडाही घातला असेल.

साबुदाणाच घ्या. आपल्या इंदुरात श्रावण दोनदा लागतो. हिंदीभाषक शेजाऱ्यांचा आषाढी पौर्णिमा झाली की, आपला त्यानंतरच्या अमावास्येनंतर. म्हणजे उपासाची खिचडी चांगली दीड महिना शिजते. या दिवसांत साबुदाणा महागला तर आधी विचारा, एकूण विक्री वाढली की घटली? भावही वर आणि विक्रीही वर, तर मागणी वाढली आहे. भाव वर पण विक्री खाली, तर पुरवठा घटला आहे. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, त्या टॅपिओकाचं पीक तमिळनाडूत सेलमकडे कमी आलं असेल. नुसत्या भावावरून निदान करूच नका. आणि मागणी वाढली, त्याच वेळी पुरवठाही घटला तर? भाव नक्की वाढेल, विक्रीचं मात्र सांगता येणार नाही. ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहायला मुलं उगाच घाबरतात. इथे तेच बरोबर उत्तर आहे.

पुरवठ्याचा विस्तार आणि पुरवठ्यातली वृद्धी, ही जोडी हमखास मार्क खाते. लसणाचा भाव चढला म्हणून घरात ठेवलेला माल शेतकऱ्याने चोइथराम मंडीत आणला, तर तो विस्तार. आलेखातला पुरवठ्याचा वक्र जागेवरच राहतो. खत स्वस्त झालं म्हणून त्याच भावाला जास्त लसूण विकायला आला, तर ती वृद्धी. वक्र उजवीकडे सरकतो. बदलाचं कारण त्याच वस्तूचा भाव आहे का, एवढंच तपासा. शिवाय घरात पडून असलेला लसूण हा साठा. त्यातला चालू भावाला विकायला काढलेला तेवढाच पुरवठा.

वेळही विसरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला लसूण साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. आज भाव दुप्पट झाला म्हणून उद्या पीक दुप्पट होत नाही.

मध्य प्रदेशातल्या मुलांना भावांतर योजनेवर (बाजारभाव हमीभावाखाली गेला तर सरकारने शेतकऱ्याला फरक द्यायचा, ती योजना) लिहायला आवडतं, पण ‘फरक सरकारने दिला, म्हणजे प्रत्येकाला हमीभाव मिळाला’ हा तर्क चुकतो. 2017 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 3050 रुपये होता. समजा, मंड्यांतल्या भावांवरून सरकारने काढलेला सरासरी भाव, म्हणजे मॉडेल भाव, 2600 आहे आणि एकाचा माल 2400 ला गेला. त्याला फरक मिळतो 3050 वजा 2600, म्हणजे 450. हातात पडले 2850. हमीभावाला कमी पडलेले 200 त्याच्याच खिशातून गेले.