समुपदेशक मॅडमचा सत्कार: खानदेशातल्या कॉलेजात किंवा गावात कार्यक्रम कसा आखावा

प्राचार्यांच्या निवृत्तीचा किंवा गुणवंतांच्या कौतुकाचा जो ठरलेला साचा असतो, त्यात समुपदेशकाचा सत्कार बसवला की तो हमखास बिघडतो. प्राचार्यांनी बांधलेली इमारत सगळ्यांना दिसते, खेळाडूचं पदक दिसतं. समुपदेशकाचं काम मात्र बंद दाराआड चालतं. धडगाव-अक्कलकुव्याहून नंदुरबारला आलेली मुलगी होस्टेल सोडून घरी निघालेली असते आणि थांबते. बारावीनंतर ठरलेलं लग्न पुढं ढकललं जातं. नापास झालेला मुलगा पुन्हा फॉर्म भरतो. यातलं काहीच नावानिशी सांगता येत नाही. त्यामुळे सगळी आखणी करताना एकच कसोटी लावायची: कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी एखादा घाबरलेला विद्यार्थी त्यांच्या दारापर्यंत येईल, की “आपलंही नाव कधीतरी माइकवर येईल” या भीतीनं मागं फिरेल?

आधी त्यांना विचारा

हा सत्कार गुपचूप ठरवून अचानक करू नका. सभागृहात त्यांच्याकडे येणारी मुलं बसलेली असतात आणि काय बोलायचं, काय टाळायचं याची तयारी त्यांना हवी असते. किमान सहा आठवडे आधी भेटा आणि चार गोष्टी लिहून घ्या. नाव कसं छापायचं (वडिलांचं की पतीचं नाव, पदवी, “प्रा.” लावायचं की नाही, “सौ.” किंवा “श्रीमती” हवं का), घरच्यांना व्यासपीठावर बोलवायचं का, फोटो आणि व्हिडिओ चालेल का, आणि कामातला कोणता भाग जाहीरपणे बोललेला चालेल.

आपल्याकडे सत्कार म्हटलं की साडी-चोळी आणि ओटी आलीच. व्यासपीठावर ओटी भरणं मात्र टाळा. सत्कारमूर्ती विधवा असतील, अविवाहित असतील, वेगळ्या धर्माच्या असतील तर तो क्षण सन्मानाऐवजी अवघडलेपणाचा होतो. शाल, पुस्तक आणि मानपत्र पुरेसं आहे. शाल पांघरायला एखादी ज्येष्ठ प्राध्यापिका किंवा माजी विद्यार्थिनी असावी.

त्या सरकारी महाविद्यालयात नोकरीला असतील तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. मानपत्र स्वीकारायला आणि आपल्या सन्मानार्थ भरलेल्या सभेला हजर राहायला आधी परवानगी लागते, भेटवस्तूंवरही मर्यादा आहे. परवानगीचं पत्र महिनाभर आधी प्राचार्यांमार्फत पाठवा. अनुदानित किंवा खासगी संस्थेत असतील तर संस्थेचा नियम विचारून घ्या.

तारीख आणि वेळ

मे ते जुलै विसरा. बारावीचा निकाल, प्रवेश, जात वैधता, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं तेव्हाच येतं आणि त्यांना पाणी प्यायला फुरसत नसते. सत्र परीक्षांचे दिवसही नकोत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या दाराशी सगळ्यात जास्त मुलं असतात. एप्रिलपासून जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, त्या उन्हात शाल पांघरणं म्हणजे शिक्षाच. शिवाय आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी जातात, तेव्हा कॉलेजात कुणी सापडत नाही.

उरतो डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना त्यांनी वसतिगृहातल्या मुलांची जी काळजी घेतली, तिच्याशी या कामाचं नातं सरळ आहे. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंतीही शोभते. १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन बरोबर वाटतो, पण परीक्षा जवळ असतात, आणि मॅडमकडे जाणारे सगळे “मानसिक” असा शिक्का गावात आधीच असेल तर तो आणखी गडद होतो.

वेळ सकाळी ११ ते १२.३० ठेवा. तोरणमाळ किंवा धडगावच्या घाटातून येणाऱ्या पालकांना उजेडात परतायचं असतं. संध्याकाळचा कार्यक्रम लांबला की सर्वात आधी तेच उठतात, आणि खरं तर कार्यक्रम त्यांच्यासाठीही असतो.

आठवणी गोळा करताना

सर्वात जास्त चुका इथं होतात. कुणीतरी उत्साहानं “मॅडमचे विद्यार्थी” असा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतो. त्या ग्रुपमध्ये नंबर दिसला की तो मुलगा त्यांच्याकडे जात होता हे सगळ्यांना कळतं, बोलायची गरजच उरत नाही. ग्रुप काढू नका. मॅडमकडेही मुलांची नावं मागू नका. त्यांना ती देताच येत नाहीत आणि नकार देताना त्यांना वाईट वाटतं.

आवाहन सगळ्या विद्यार्थ्यांना करा: नोटीस बोर्ड, माजी विद्यार्थी संघ, वर्गात वाचून दाखवलेली सूचना. लिहायचं निनावी. पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं ग्रंथालयात ठेवा आणि शेजारी कुलूपबंद पेटी. पेटी कार्यालयाच्या दारात ठेवली तर कार्ड टाकणाऱ्याला सगळे पाहतात. ग्रंथालयातल्या नियतकालिकांच्या कोपऱ्यात कुणी बघत नाही. गूगल फॉर्म केला तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना, हे दोनदा तपासा, आणि नावाचा रकाना ठेवूच नका. प्रश्न दोनच: मॅडमची कोणती सवय किंवा कोणतं वाक्य लक्षात राहिलं? त्यांच्यामुळे कॉलेजात काय बदललं? “तुमची अडचण काय होती?” असं विचारायचं नाही. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, जशी येतील तशी उत्तरं ठेवा; प्रमाण मराठीत “सुधारून” त्यातला जीव काढू नका.

चार आठवड्यांनी पेटी एकाच जबाबदार माणसानं उघडावी. ज्या कार्डावरून गाव, वर्ष आणि प्रसंग जुळवून माणूस ओळखता येईल ते जाहीर वाचनातून बाजूला काढावं. सगळी कार्डं दोरा-बांधणीच्या वहीत चिकटवून मॅडमना द्या. शालीपेक्षा ही वही जास्त दिवस टिकते.

कामाचे आकडे हवे असतील तर आयक्यूएसीकडे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे जा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला जाणाऱ्या वार्षिक अहवालात पाचवा निकष विद्यार्थी साहाय्याचा असतो. किती मार्गदर्शन सत्रं झाली, किती मुलांनी लाभ घेतला हे तिथं नावाशिवाय मिळतं.

मानपत्र

२०० ते २५० शब्द, आकार १२ × १८ इंच. त्याहून लांब झालं तर वाचताना सभागृह कुजबुजायला लागतं. “शेकडो नैराश्यग्रस्त विद्यार्थ्यांना आपण नवजीवन दिलंत” असली वाक्यं नकोत. ती समोर बसलेल्या मुलांवर शिक्का मारतात आणि मॅडमविषयी काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी असं लिहा: “शिष्यवृत्तीचा अर्ज अडल्यामुळे कुणी परत जाऊ नये म्हणून आपण प्रवेशाच्या दिवसांत रविवारीही कक्ष उघडा ठेवलात. मजुरी बुडवून पालकांना कॉलेजात येता येत नाही म्हणून आपण गावातल्या पारावर जाऊन बसलात.” अर्थात, जे घडलं तेच लिहायचं.

“मानसोपचारतज्ज्ञ” लिहू नका. ते मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर. समुपदेशकाला समुपदेशकच म्हणा, नाहीतर त्यांना व्यासपीठावरून खुलासा करत बसावं लागतं.

छपाईत घात होतो तो फॉन्टचा. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये पाठवता, दुकानात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलतात आणि रफार उडतो, “ऱ्या” फुटतो, “द्ध” वेगळाच होतो. मोबाइलवरच्या फोटोवर समाधान मानू नका. कागदावर प्रूफ काढून दोघांनी वाचा, एकानं मोठ्यानं आणि दुसऱ्यानं बोट ठेवून. नाव आणि तारीख सर्वात शेवटी पुन्हा बघा. फ्रेमला काचेऐवजी अॅक्रिलिक लावा, म्हणजे एसटीत फुटत नाही.

व्यासपीठ

खुर्च्या चारच: सत्कारमूर्ती, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य. बारा पाहुणे बसवले आणि प्रत्येकाला शाल-श्रीफळ दिलं तर पंचवीस मिनिटं तिथंच जातात आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्या कोपऱ्यात बसून राहतात. पाहुण्यांचं स्वागत एका गुलाबावर भागवा. प्रमुख पाहुणे म्हणून मंत्री-आमदारांच्या मागं लागू नका. ते दोन तास उशिरा आले तर धडगावची माणसं निघून जातील. मॅडमच्या शिक्षिका किंवा निवृत्त प्राचार्य बोलवा.

मिनिटांचा हिशेब असा: प्रतिमापूजन ५, प्रास्ताविक ७, मानपत्र वाचन ४, सत्कार ५, तीन मनोगतं मिळून १५, पाहुणे १५, सत्कारमूर्ती २०, अध्यक्ष १०, आभार ४. होतात ८५, पाच मिनिटं हातात राहतात. जो लांबवेल त्याचे कापा, सत्कारमूर्तींचे कापू नका.

मनोगतासाठी वसतिगृहाच्या अधीक्षक, ज्या गावात पालकसभा झाल्या तिथला पालक, आणि शिष्यवृत्ती किंवा प्रवेशाच्या मदतीबद्दल बोलणारा माजी विद्यार्थी निवडा. कुणी स्वतःहून आपल्या वाईट काळाबद्दल बोलायचं ठरवलं तर आठवडाभर आधी मजकूर बघा, आदल्या दिवशी पुन्हा विचारा आणि तेवढा वेळ फेसबुक लाइव्ह बंद ठेवा. आत्महत्येच्या प्रयत्नाचा, विशेषतः पद्धतीचा उल्लेख माइकवर अजिबात नको. त्याच मनःस्थितीतला दुसरा मुलगा समोर असू शकतो. अकरावी-बारावीची मुलं १८ वर्षांखालची असतात, त्यांच्या बाबतीत पालक तयार असले तरी नाव घेऊ नका. पत्रकारांनाही आधी सांगा: मानसिक आरोग्य संस्थेत मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मनाई करतो. निमंत्रणपत्रिकेच्या मागं टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

भेट: त्यांची खोलीच नीट करा

वर्गणी ५०,००० रुपये जमली असं धरा. १५० माणसांचं साधं जेवण १८,००० च्या आसपास, ध्वनिव्यवस्था, छपाई, फ्रेम, शाल, फुलं मिळून आठ-नऊ हजार. उरलेले २३,००० भेटवस्तूत घालवण्याआधी त्यांचा समुपदेशन कक्ष बघून या.

बहुतेक कॉलेजांत तो स्टाफरूमच्या कोपऱ्यात प्लायवुडचं पार्टिशन टाकून केलेला असतो. पार्टिशन सात फुटांचं, वर मोकळं. आतलं रडणं बाहेर चहा पिणाऱ्यांना ऐकू जातं. पार्टिशन छतापर्यंत न्या आणि दोन प्लायच्या मधे काचलोकर (ग्लासवूल) भरा, नुसत्या प्लायनं आवाज थांबत नाही. दाराला आरपार काच असेल तर डोळ्यांच्या उंचीपर्यंत दुधी फिल्म लावा, पूर्ण बंद करू नका. आत कुणी आहे एवढं दिसणं दोघांच्याही सुरक्षिततेचं असतं. दोन खुर्च्या टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवा. फायलींसाठी कुलपाचं लोखंडी कपाट द्या, किल्ली फक्त त्यांच्याकडे. आणि दारावरची पाटी बदलता आली तर बघा: “विद्यार्थी साहाय्य कक्ष” लिहिलं आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तिथंच मिळायला लागले की आत जाणारा नेमका कशासाठी गेला हे कुणाला कळत नाही. मुलं जास्त येतात.

पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा फोन-पेवर जमवू नका. कॉलेजचा विद्यार्थी कल्याण निधी किंवा नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाचं खातं वापरा आणि प्रत्येकाला पावती द्या.

जेवण

हिवाळ्यात आसोदा-बामणोदच्या हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी याला तोड नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली तरच ती चव येते. मात्र १५० माणसांच्या भाकरी थापायला हात लागतात. ते नसतील तर वरण-बट्टी: शंभर माणसांना जाडसर दळलेलं पीठ १५ किलो, तूरडाळ ६ किलो, वांगी १० किलो, तूप ४ किलो. बट्ट्या आदल्या रात्री उकडून ठेवा आणि सकाळी कापून तळा.

कार्यक्रमानंतर

फोटो टाकण्याआधी एकदा मॅडमना दाखवा. मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येणारे फोटो वगळा. गूगल फॉर्मची उत्तरं छापून वहीत गेली की मूळ फॉर्म आणि त्याची शीट दोन्ही डिलीट करा. रस्त्यावर फ्लेक्स लावला असेल तर परवानगीची मुदत संपायच्या आत उतरवा. खर्चाचा हिशेब आठवड्याच्या आत नोटीस बोर्डावर लावा आणि कक्षाच्या कामाला सुताराची तारीख त्याच आठवड्यात पक्की करा; परीक्षा लागल्या की ते काम पुढच्या वर्षावर जातं.