वळणावर ओरखडा का उमटत होता

पितळेच्या पत्र्यावर वेलबुट्टी कोरायला शिकत होतो. सरळ रेघ छान चमकायची, पण वळण आलं की बाहेरच्या कडेला करडा ओरखडा उमटायचा. मी जोर वाढवत राहिलो. कोरायची टोकदार कलम घसरून डाव्या अंगठ्यात घुसली, तेव्हा थांबलो. भिंगाखाली टोक पाहिलं, तर खालची टाच, म्हणजे टोकाखालची घासलेली छोटी सपाट बाजू, जवळजवळ दोन मिलिमीटर लांब! वळताना तीच धातूवर घासत होती. टोकाचा उतार ४५ अंशांवर पुन्हा घासला, टाच १५ अंशांची, जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवली आणि चामड्यावर घासून चकचकीत केली.

दुसरी चूक हाताची होती. आता कलमेचा हात स्थिर ठेवतो आणि वाळूच्या पिशवीवरचा पत्राच डाव्या हाताने फिरवतो. परवा अख्खं वळण एका दमात निघालं. पितळेचा बारीक कीस टोकापुढे स्प्रिंगसारखा गुंडाळत गेला.