कागदांअभावी बंद झालेलं मेडिकेड असं सुरू केलं

अमेरिकेत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, बंद होण्यामागे दर वेळी उत्पन्न वाढलेलं असतंच असं नाही. कोविडकाळात थांबलेली नूतनीकरणं (पात्रतेची फेरतपासणी) 2023मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर ज्यांची नावं कटली, त्यांतल्या बहुतेकांची कागदोपत्री कारणांनी कटली. पत्ता जुना, पत्र परत, विमा बंद.

म्हणून आधी नोटीशीतलं कारण वाचायचं. 'माहिती मिळाली नाही' असं असेल तर लगेच नवा अर्ज भरत बसू नका. मुलं, गरोदर स्त्रिया आणि बहुतेक प्रौढांच्या बाबतीत बंद झाल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरणाचाच फॉर्म पुराव्यांसह दिला, की कार्यालयाला नव्या अर्जाविना पात्रता तपासावीच लागते. आम्ही हेच केलं: अलीकडच्या पगाराच्या पावत्या, प्रत्येक पानावर केस नंबर, आणि फॅक्सची पोच जपून. सही राहिली तर सगळं अडतं.

'उत्पन्न जास्त' म्हटलं असेल आणि ते चूक असेल, तर फेअर हिअरिंग, म्हणजे त्या निर्णयाविरुद्ध सुनावणी, मागा. विमा बंद होण्याच्या तारखेआधी मागितली तर निकालापर्यंत तो चालू ठेवता येतो. नोटीस जेमतेम 10 दिवस आधी निघते, तेव्हा टपालावर विसंबू नका. निकाल विरुद्ध गेला तर त्या काळातला खर्च मागितला जाऊ शकतो, हे कुणी आपणहून सांगत नाही.

मधल्या काळात डॉक्टर? संघीय अनुदानावरची सामुदायिक आरोग्य केंद्रं पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. दारिद्र्यरेषेच्या 200 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर फीमध्ये सवलत मिळते. पहिल्या भेटीतच ती मागा आणि पगाराच्या पावत्या सोबत न्या.